ज्या बांधावर हाक बंद झाली

फार मागची गोष्ट आहे. खाडीच्या कडेला एक गाव होतं. होतं म्हणतो, कारण आता ते नाही. आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीचा शेवट गोड नाही. गोड शेवट सांगणारी माणसं पुष्कळ आहेत, हवं तर त्यांच्याकडे जा. ज्यांना बसायचं त्यांनी बसा.

तर हे गाव खाडीच्या पाण्यापेक्षा खाली होतं. नवल वाटेल, पण खरंच. कुणा जुन्या पिढीनं खाडीच्या काठानं लांबलचक मातीचा बांध घातला होता. पलीकडे खारं पाणी, अलीकडे भातशेती. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की समोर पाणी थेट पायाशी आलेलं दिसायचं आणि मागे वळून पाहिलं की शेतं पार खाली. पाहुणे आले की घाबरायचे. गावातल्या माणसांना त्याचं काही वाटत नसे.

बांध मातीचा, आणि मातीला खेकडे भोकं पाडतात. बोटाएवढ्या भोकातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता आतली माती काढून नेतं, आणि एखाद्या उधाणाच्या भरतीला बांध फुटतो. फुटलेल्या जागेला तिकडे खांड म्हणतात. एकदा खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग त्या जमिनीत कितीतरी वर्षं धड गवतसुद्धा येत नाही. बांध राहिला तर गाव राहणार, नाहीतर नाही. एवढं सरळ होतं ते.

बांध राखायला एक टोळी होती, बाया-बापये मिळून पंधरा-वीस माणसं. त्यांचा एक नाईक. आणि टोळीची एक रीत होती, हाकेची. बांधाच्या आतल्या अंगाला कुणालाही ओल दिसली की त्यानं जागच्या जागी उभं राहून ओरडायचं, "ओल आली रे!" ऐकेल त्यानं हातातलं टाकून धावायचं, मग तो जेवायला का बसलेला असेना. दोघंतिघं खाडीच्या पाण्यात उतरून पायांनी चाचपत भोकाचं तोंड शोधायचे, बाकीचे रांग लावून पेंढा आणि चिखल पुरवायचे, वरचे दगडानं ठोकायचे. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हे. आतल्या बाजूनं तुम्ही कितीही चिखल थापा, पाणी दोन हात सरकून दुसरीकडून येतं.

आता खरं सांगायचं तर पुष्कळदा हाक फुकट जायची. सगळे धापा टाकत पोचावेत आणि बघावं तर काय, कुणाची तरी घागर कलंडलेली. नाहीतर म्हैस मुतून गेलेली! मग हसून हसून मुरकुंडी. पण म्हातारा नाईक होता तोवर एक ठरलेलं होतं. हाक मारणाऱ्याच्या हातावर गुळाचा पहिला खडा पडायचा. ओल खरी निघो की खोटी.

एकदा एकानं विचारलं, "अहो नाईक, म्हशीच्या मुताला कसला गूळ देता?"

म्हातारा म्हणाला, "मी हाकेला देतो. ओल खरी की खोटी ते बघणं आपलं सगळ्यांचं काम."

पुढे म्हातारा वारला आणि राजाच्या कारभाऱ्यानं हाशाला नाईक केलं. यात काही चुकलं असं नाही हं. टोळीत हाशासारखा गडी नव्हता. पाण्यात उतरला की दुसऱ्याला भोक सापडेपर्यंत यानं बुजवून वर यावं. स्वभावानं चांगला, कुणाच्या अडीअडचणीला धावणारा. टोळीनं खुशीनं त्याला नाईक मानलं. कालपर्यंत "हाशा" म्हणणारी माणसं "नाईक" म्हणायला लागली, तेव्हा तोच लाजला.

पहिल्याच पावसाळ्यात कारभारी बांध बघायला आला. नेमकी तेव्हाच हाक पडली. सगळी टोळी कारभाऱ्याला ओलांडून धावली. पोचून बघतात तर एका पोरीनं मासळी धुतलेलं पाणी ओतलं होतं. टोळी नेहमीसारखी हसायला लागली. कारभारी हसला नाही. घोड्यावरूनच म्हणाला, "नाईक, बांध राखता की लपंडाव खेळता?"

एवढंच बोलून तो गेला, पण हाशाच्या ते जिव्हारी लागलं. रात्रंदिवस मनात तेच. आपल्याला नाईक केलं आणि आपल्या माणसांचं हे असं हसं झालं! दुसऱ्या दिवशी त्यानं टोळीला बसवून सांगितलं.

"आजपासून नुसती ओल दिसली म्हणून ओरडायचं नाही. आधी नीट बघायचं. कशाची ओल आहे, किती आहे, त्यावर काय करायचं, हे ठरवायचं. मग माझ्याकडे यायचं. रडगाणं घेऊन येऊ नका, तोड घेऊन या."

कुणाला ते वावगं वाटलं नाही. उलट माना डोलावल्या सगळ्यांनी. शहाण्यासारखंच बोलला होता की! हल्ली मोठमोठ्या ऑफिसांत हेच वाक्य चौकटीत घालून भिंतीवर लावतात म्हणे, प्रॉब्लेम नको, सोल्यूशन आणा. लावा बापडे. भिंत तुमची, खिळा तुमचा.

त्याच्याकडे पहिला गेला काथोड. हा टोळीतला दांडगा गडी, पण बोलायला बुजरा. म्हणाला, "नाईक, वडाच्या वळणावर पाणी दिसतंय."

हाशानं विचारलं, "मग तू काय केलंस?"

"मी? मी सांगायला आलो."

"ते कळलं रे. पण तू काय केलंस?"

हाशा रागावला नव्हता. आवाजही चढवला नव्हता. पण आजूबाजूला चारजण बसले होते, आणि काथोड त्यांच्यादेखत तसाच उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून. हाशा उठला, स्वतः वडाच्या वळणावर गेला आणि एकट्यानं बघून आला. पावसाचं साचलेलं पाणी होतं. "बघितलंस?" तो काथोडला म्हणाला. काथोड मान खाली घालून कामाला लागला. त्या दिवशी गूळ कुणालाच मिळाला नाही, आणि पुढे ती रीत कधी बंद पडली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नंतर दुसऱ्याला तेच विचारलं गेलं, तिसरीलाही तेच. "मग तू काय केलंस?" हळूहळू टोळीला सवय झाली. ओल दिसली की माणूस इकडेतिकडे बघायचा, पायानं थोडी माती सारायचा आणि पुढे जायचा. खात्री करू, मग सांगू. हाका कमी झाल्या, मग थांबल्या. बांधावर इतकी शांतता की नुसती पाखरं ऐकू यावीत.

हाशाला वाटलं, बांध सुधारला. माणसाला हवं तेच वाटतं हो! पुढल्या वर्षी कारभारी आला तेव्हा हाशानं छाती पुढे काढून सांगितलं, "या सालात एकसुद्धा हाक नाही."

"याला म्हणतात नाईक," कारभारी म्हणाला, आणि आपल्या खांद्यावरचा शेला काढून त्यानं हाशाच्या खांद्यावर टाकला. टोळीनं कौतुकानं बघितलं. त्यांनाही आनंदच झाला होता.

टोळीत चांगुणा नावाची एक बाई होती. तिचा नवरा गलबतावर गेला तो परत आलाच नाही. त्याच्या जागी ही टोळीत आली. घरी म्हातारी सासू आणि दोन लेकरं, आणि बांधाच्या अगदी खाली, उघाडीजवळ, भाताचं एक शेत. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. त्या शेताच्या भातावर चौघांची पोटं वर्षभर चालायची. दुसरं काही नव्हतं तिच्याकडे.

भादव्याच्या अखेरीला भात निसवलं, दाणा भरायला लागला. आणि चांगुणाला उघाडीच्या उजव्या अंगाला ओल दिसली. तिनं बोट लावून चाखून पाहिलं. खारट. आणि नुसतं पाणी नाही, गढूळ पाणी. गढूळ म्हणजे आतली माती निघतेय. टोळीतल्या कुणालाही कळावं इतकी ती गोष्ट उघड होती.

जुन्या नाईकाच्या वेळी ती तिथेच उभी राहून बोंबलली असती. पण आता तिच्या डोक्यात पहिलं आलं ते हे, की नाईक विचारणार, मग तू काय केलंस? तिनं पदर खोचला आणि शेतातला चिखल काढून थापला. संध्याकाळपर्यंत ओल दोन हात पुढे सरकली. तिनं तिथेही थापला. रोज कामावरून घरी जाताना ती टोपलीभर चिखल तिथे टाकायची. ओल सरकायची, ती थापायची. हा उद्योग तिचा पुष्कळ दिवस चालला.

शेवटी तिला राहवलं नाही. कोजागरीचं उधाण चार दिवसांवर आलं होतं. वर्षातली मोठी भरती, तीही भर दुपारी. हाशा थोड्या अंतरावर उघाडीसाठीच्या दोराला पीळ भरत बसला होता, तिथे ती गेली.

"नाईक, उघाडीपाशी जराशी ओल वाटते."

हाशानं दोर खाली ठेवला. "मग तू काय केलंस, वहिनी?"

"चिखल लावला."

"शाब्बास! बघ, असं पाहिजे." हाशाचा चेहरा फुलला. "थांबली ना मग?"

चांगुणानं त्याच्याकडे पाहिलं. तो इतक्या आशेनं तिच्याकडे बघत होता, हो ऐकायला इतका उतावीळ झाला होता, की 'नाही' हा शब्द तिच्या ओठांशी येऊन फिरला. नाही म्हटलं तर तो विचारणार, का नाही? मग काय सांगायचं? एकटीला येत नाही म्हणून?

"थांबली," ती म्हणाली.

हाशानं तिथल्या तिथे टोळीला हाक मारून जवळ बोलावलं. "बघा रे! या बाईनं ओल बघितली, स्वतः बुजवली आणि मग मला सांगायला आली. शिका जरा!" सगळ्यांनी चांगुणाकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजली. झालं! आता तिला ते कधीच मागे घेता येणार नव्हतं. हाशा उघाडीपासून पन्नास पावलांवर होता. उठून जाऊन बघितलं असतं तर डोळ्यांना दिसलं असतं. पण तो बघायला गेला नाही, कारण त्याला उत्तर मिळालं होतं.

पौर्णिमेला सकाळपासूनच पश्चिमेचा वारा सुटला. दुपार होता होता भरती पार वर चढली. टोळी नेहमीप्रमाणे बांधावर पांगलेली होती. चांगुणा उघाडीपाशी होती. ओलीची आता धार झाली होती, मनगटाएवढी. आतून चिखल थापणं म्हणजे वेडेपणा होता, ते तिला कळत होतं. बाहेरून भोकाचं तोंड बुजवायला हवं होतं. त्याला दहा माणसं लागतात. तिनं टोपलीत पेंढा भरला, दगड घेतला आणि बांधावर चढून एकटीच खाडीच्या पाण्यात उतरली.

का गं बाई? का नाही ओरडलीस? तेव्हासुद्धा ओरडली असतीस तर आले असते ना सगळे! पण चारच दिवसांपूर्वी चारचौघांत जिला शाबासकी मिळाली, ती आज कुठल्या तोंडानं ओरडणार? मला तिचा राग येत नाही.

बांध आवाज करून फुटला. काथोडनं वळून पाहिलं तेव्हा उघाडी नव्हतीच. तिच्या जागी घराएवढ्या रुंदीची खांड होती आणि तिच्यातून खाडी आत धावत होती. सगळे पळत आले. काही करण्यासारखं राहिलंच नव्हतं. डोळ्यांदेखत भात आडवं झालं, मग बुडालं. संध्याकाळपर्यंत गावाच्या उंबऱ्यांना पाणी लागलं. बायका लेकरं काखेला मारून टेकडीकडे निघाल्या. चांगुणाची सासू घरातून बाहेर पडायला तयार होईना. सून येऊ दे म्हणत होती.

सून सापडली दुसऱ्या दिवशी, ओहोटीला, काठच्या तिवरांच्या झुडपांत अडकलेली.

तिला अग्नी दिल्यावर टोळी उरलेल्या बांधावर येऊन बसली. खाली शेतांच्या जागी राखाडी पाणी पसरलं होतं. हाशा उभा होता. त्याचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, "मला ती म्हणाली होती, थांबली. मला खोटं का सांगितलं तिनं? बांध बरा होता. एका दिवसात असा कसा फुटेल?"

मग काथोड बोलला. "एका दिवसात नाही फुटला, नाईक. खालच्या चरात गढूळ पाणी मी दसऱ्याच्या आधीपासून बघतोय."

हाशा त्याच्याकडे बघतच राहिला.

"मला वाटलं, आधी कुठून येतंय ते शोधतो," काथोड म्हणाला. "शोधत होतो."

मग एक म्हातारा खाकरला. म्हणाला, "चांगुणा रोज चिखल टाकायची ते मी बघायचो. म्हटलं, नाईकाला ठाऊक असेल. काम चाललंय."

एक बाई म्हणाली, "उघाडीची फळी तिरकी झाली होती. मला दिसली होती."

मग आणखी एकजण बोलला, मग आणखी एक. कुणी पाणी बघितलं होतं, कुणी माती खचलेली बघितली होती, कुणाचा चालताना पाय रुतला होता. प्रत्येकाकडे थोडंथोडं होतं. सगळ्यांचं एकत्र केलं असतं तर लहान पोरानंही सांगितलं असतं, बांध फुटणार आहे. टोळीतल्या सगळ्यांना काही ना काही माहीत होतं. ज्याला काहीच माहीत नव्हतं, असा त्या बांधावर एकच माणूस होता, आणि तो नाईक होता.

"अरे, मग मला का नाही सांगितलंत?" हाशा ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "मी काय खाल्लं असतं का तुम्हाला? कधी हात उगारला मी कुणावर? कधी शिवी दिली? सांगा ना! का नाही सांगितलंत?"

काथोडनं तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्यांचे डोळे हाशाच्या चेहऱ्यावर लागले होते. त्याला कुठलं उत्तर हवंय, ते बघत होते.

ते हाशाच्या ध्यानात आलं. तो मटकन खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

गाव तिथून उठलं. जमीन खारी झाली, खायचं काय? लोक पांगले, ज्याला जिकडे आसरा मिळाला तिकडे. चांगुणाची लेकरं आणि सासू काथोडनं आपल्याबरोबर नेली. हाशा दूरच्या एका बांधावर मजुरीला लागला. कामाला तो पूर्वीसारखाच होता, पण नाईकपण देऊ केलं तर हात जोडायचा.

तात्पर्य विचारता? तुमच्या हाताखाली दोन माणसं असोत की दोनशे, वाईट बातमी यायची बंद झाली म्हणून खूश होऊ नका. वाईट घडायचं थांबलेलं नसतं, तुमच्यापर्यंत पोचायचं थांबलेलं असतं. अर्धवट, कच्ची, तोड नसलेली अडचण घेऊन आलेल्या माणसाला आधी जवळ बसवून घ्या, आणि मग उठून त्याच्याबरोबर बघायला जा.